पंच क्रमांक दोन

रात्री पावणेबाराला शटर ओढत होतो,
हवालदार धोत्रे म्हणाले, मास्तर, टेप घ्या नि चला.
रे रोडच्या पुलाखाली नाकाबंदी,
पिवळ्या बॅरिकेडला टेकलेला एक टेम्पो,
मागे दोन पातेली, झारे, बुंदीचा डबा,
आणि ड्रायव्हरच्या सीटखाली
जुन्या धोतराच्या फडक्यात सुरी.

पंच क्रमांक एक पानवाला.
तो कोऱ्या कागदावर सही करून
आधीच गेला होता.

सुरी गवाणकर आचाऱ्याची.
त्याच्या बोटांना कांद्याचा इतका वास
की फौजदार उगले बाईंनी एकदा डोळे पुसले.
'कोबीला लागते,' तो म्हणाला, 'सुरणाला लागते.
दोनशे पानांचं लग्न होतं भायखळ्याला.'
'मग कोबी कुठाय?'
प्रश्न बरोबर होता.
रात्री बाराला टेम्पोत कोबी नव्हता.

बाईंना नियम पाठ:
पातं नऊ इंचांहून लांब नको, दोन इंचांहून रुंद नको,
मात्र घरकामाचं, शेतीचं, कारखान्याचं असेल तर गोष्ट वेगळी.
गवाणकर म्हणाला, घरकामाचीच आहे की.
बाई म्हणाल्या, घर कुठं आहे इथं?
त्यानं पातेल्यांकडे पाहिलं.
शिवाय चौकीच्या दारावर मनाई आदेश डकवलेला,
हत्यार जवळ बाळगू नये,
त्यात तर इंचच नव्हते.

धोत्रेंनी माझ्या हातातला टेप ओढून घेतला,
मुठीपासून टोकापर्यंत ताणला. 'सव्वानऊ.'
शिपायानं लिहिलं, सव्वानऊ.

आता माझ्या टेपची गोष्ट.
त्याचं पितळी टोक कधीच गेलं,
बरोबर अर्धा इंच घेऊन गेलं.
मी एकच्या रेघेपासून मोजतो, मनात एक वजा करतो.
गिऱ्हाइकाला हे सांगत नाही,
बायकोलाही नाही.
'बाई,' मी म्हणालो, 'पावणेनऊ.'

'ओळखता याला?'
'नाही.'
'मग?'
टेपचं तुटकं टोक मी बॅटरीच्या उजेडात धरलं.
आयुष्यात पहिल्यांदा कुणाला दाखवलं.
मला उगाच नागवं वाटलं.

तेवढ्यात गवाणकर, कुणी विचारलं नसताना:
'घेतली तेव्हा दहाची होती, बाई.
बावीस वर्षं धार लावून लावून झिजली.'
शिपायाचं पेन थांबलं.
धोत्रेंनी कपाळावर हात मारला.
बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत.
बावीस वर्षांत नेमक्या कुठल्या लग्नात,
कुठल्या सुरणाच्या गड्ड्यावर
ती नऊच्या आत आली असेल,
हे पंचनाम्यात लिहायला रकाना नव्हता.

'सीटखाली कशाला ठेवलीस?'
'मागे ठेवली तर पातेल्यांवर आपटून धार जाते.'
'सीटखाली म्हणजे हाताखाली. कळतं का?'
त्याला कळलं नसावं. मान मात्र हलवली.

सव्वानऊवर आडवी रेघ आली, वर पावणेनऊ.
खाडाखोडीपाशी माझी छोटी सही,
खाली माझी मोठी सही.
'सुरी आज इथंच राहील,' बाई म्हणाल्या.
'सकाळी ठेकेदाराचं पत्र घेऊन ये,
साहेब बघतील.'
'सकाळी माझगावला मुंज आहे.'
'मग पत्र आणि लवकर ये.'

गवाणकरानं फडक्याची घडी घातली,
सुरी आत असताना असते तशीच, लांबट,
आणि परत सीटखाली ठेवली.
मग डबा उघडला.
धोत्रेंनी बाईंकडे पाहिलं.
बाई म्हणाल्या, ड्युटीवर आहोत, घेता येत नाही.
मला ड्युटी नव्हती.
मूठभर घेतली, पुलाखालून चालत खाल्ली.

सकाळी पहिल्या ब्लाउजचं माप घेताना
टेप बोटाला चिकटला,
नवाच्या आसपास कुठंतरी.